मदत हवी आहे: लेंटची हजेरी म्हणजेच विश्वास का?

जय ख्रिस्त. वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात आमची दहा-बारा घरांची ख्रिस्ती मंडळी (चर्च). लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपास-प्रार्थनेच्या दिवसांत) दर शुक्रवारी दुपारी उपासना, अन् तेव्हाच हरभऱ्याची सोंगणी. मजुरीवर जाणाऱ्या बाया घरीच प्रार्थना करतात. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे लाल फुली. वडीलधारे म्हणतात, विश्वास थंडावला.

मी बायबलमधलं मत्तय 6:16-18 वाचून दाखवलं. उत्तर आलं, येशूने उपासाचा दिखावा नको म्हटलं, उपास सोडा नाही म्हटलं. (खरंच आहे ते.) मग त्यांनी याकोब 2:17 काढलं, क्रियांवाचून विश्वास निर्जीव. पण त्याआधीच्याच दोन ओळींत उघड्या-उपाशी भावाबहिणीची गोष्ट आहे, हजेरीची कुठे?

रात्री उपासना जमत नाही, पाळकांची (धर्मगुरूंची) शेवटची एसटी चुकते. मंडळी फुटू न देता, वडीलधाऱ्यांचा मान राखून हे कसं मांडू?