टीममध्ये मत कुठं लावून धरायचं, कुठं सोडायचं?

धुळेकर_पोऱ्या: राम राम मंडळी. जळगावला एका छोट्या टीममध्ये आहे, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम. रिव्ह्यूत, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, मी जरा ठासून बोलतो. फंक्शनची नावं, ओळ आत सरकवायला टॅब की स्पेस, डेटाबेसची क्वेरी कशी लिहायची, सगळ्यावर माझं मत असतंच. परवा लीड म्हणाले, "भाऊ, जरा नमतं घेत जा." घेईन की. पण मग काय दरवेळी नंदीबैलासारखी मान हलवायची?

भुसावळ_जंक्शन: टॅब-स्पेसचं आधी बंद करा. कोडची मांडणी आपोआप करणारा ऑटो-फॉरमॅटर लावा, तो करेल ते खरं. आणि पेप 8 चा, म्हणजे पायथनच्या लेखनशैलीच्या नियमांचा, दाखला देत असाल तर पूर्ण वाचा. प्रोजेक्टचे स्वतःचे नियम असले तर तेच वरचढ, असं त्यातच लिहिलंय.

केळीपट्टा: मी रावेरकडच्या केळी व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करते. वजनाला क्विंटलच्या भावानं गुणलं की पन्नास पैशांवर अडणारे आकडे येतातच. ते पूर्ण रुपयात कसे करायचे, यावरून आमच्याकडे दोघं जुंपले. सर्व्हर पायथनचा, स्क्रीन जावास्क्रिप्टची. एकानं राउंड(2.5) चालवलं, 2 आले. दुसऱ्यानं ब्राउझरात मॅथ.राउंड(2.5) चालवलं, 3 आले. दोघंही आपापल्या स्क्रीनवर बोट ठेवून "हे बघ!" आणि दोघंही खरे. पायथन 3 बरोब्बर अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं, जावास्क्रिप्ट वर नेतं. जेवणाची सुट्टीसुद्धा त्यातच गेली. शेवटी व्यापाऱ्याच्या दिवाणजींना फोन लावला. ते म्हणाले, "पन्नास पैसे झाले का पुढचा रुपया. शेतकऱ्याला हिशेबाची पट्टी अशीच जाते." झालं! तो निर्णय मुळात आमचा नव्हताच. तेव्हापासून वाद सुरू झाला की मी आधी विचारते, हे कोडचं आहे का धंद्याचं?

धुळेकर_पोऱ्या: पटलं ताई. पण समोरचा धडधडीत चुकीचं सांगत असेल तर?

केळीपट्टा: मग अजिबात हटू नका. पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवू म्हणाला कुणी, तर त्याच्याच मशीनवर 0.1 + 0.2 चालवा. 0.30000000000000004 दिसलं की आवाज चढवावा लागत नाही. रक्कम पैशांच्या पूर्णांकात ठेवा, नाहीतर दशांश अचूक ठेवणाऱ्या डेसिमल प्रकारात. फक्त हे सगळ्यांसमोर रिव्ह्यूत नको, त्याच्या खुर्चीशी जाऊन दाखवा.

भुसावळ_जंक्शन: आणि त्या 2.5 चे 3 च येतात ना, हे आपोआप तपासणारी टेस्ट कोडमध्ये लिहून ठेवा. नवा माणूस आला की हाच वाद पुन्हा काढतो.