रेल्वे स्थानकाच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची का लिहिलेली असते?

नाशिककर

नमस्कार. आपल्याकडील बहुतेक रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये, कित्येकदा दशांश चिन्हानंतरच्या दोन अंकांसह, लिहिलेली असते. लहानपणापासून ती वाचत आलो, पण ती कोणासाठी लिहिली आहे याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही. सर्वत्र सांगितले जाणारे उत्तर असे की, पुढे चढ आहे की उतार हे चालकाला कळावे आणि त्याने त्याप्रमाणे वेग ठरवावा. परंतु भरधाव गाडीतून एवढी बारीक अक्षरे कोण वाचणार आणि वाचली तरी मागील स्थानकाचा आकडा लक्षात ठेवून वजाबाकी कोण करणार, असा प्रश्न मनात येतो.

याला जोडून आणखी दोन शंका आहेत. समुद्र तर दिवसातून दोनदा चढतो आणि उतरतो, मग ‘सपाटी’ म्हणजे नेमकी कोणत्या वेळेची? आणि नागपूरसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या ठिकाणी ही उंची सेंटीमीटरपर्यंत कशी मोजली असेल? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कर्जतवाला

तुमची शंका रास्त आहे. लोको पायलट गाडी चालवताना पाटीवरील उंचीचा आधार घेत नाही. त्याच्यासाठी रुळांच्या कडेला ‘ग्रेडियंट पोस्ट’ असतात. हा आडव्या दांड्या असलेला छोटा खांब असतो. दांडीचा कल वर किंवा खाली असतो आणि तिच्यावर १०० किंवा १५० असा आकडा असतो. १५० याचा अर्थ दर १५० मीटर अंतराला १ मीटर चढ किंवा उतार. रुळांचा कल जिथे बदलतो तिथे असा खांब उभारलेला असतो. शिवाय कोणत्याही मार्गावर स्वतंत्रपणे गाडी नेण्यापूर्वी लोको पायलटला तो मार्ग अनुभवी सहकाऱ्याबरोबर शिकून घ्यावा लागतो. कुठे चढ सुरू होतो, कुठे ब्रेक आधी लावावा लागतो, सिग्नल कोणत्या वळणानंतर दिसतो, हे सारे त्याला पाठ असते.

दोन स्थानकांच्या उंचीतील फरकावरून मधल्या मार्गाचा अंदाज बांधताच येत नाही, हा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दोन्ही पाट्यांवर सारखाच आकडा असला, तरी मध्ये टेकडी चढून उतरावी लागत असेल. भोर घाटाचेच पाहा. १८६३ साली हा मार्ग खुला झाला तेव्हा सुमारे २५ किलोमीटरांत १८३१ फूट, म्हणजे जवळपास ५५८ मीटर चढ होता. सरासरी काढली तर साधारण ४६ मीटरांना १ मीटर येते, पण प्रत्यक्षात काही टप्पे ३७ ला १ इतके तीव्र आहेत. इंजिनाची ताकद आणि ब्रेकची क्षमता ठरवावी लागते ती त्या सर्वांत तीव्र टप्प्यासाठी, सरासरीसाठी नव्हे. म्हणूनच पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला आणि थळ घाटातून इगतपुरीकडे जाणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून ‘बँकर’ इंजिने जोडतात. उतरताना ब्रेकची तपासणी करूनच गाडी घाटात सोडतात, आणि तरीही एखादी गाडी अनावर झालीच तर तिला चढावर वळवून थांबवण्यासाठी घाटात ‘कॅच सायडिंग’ ठेवलेली आहे.

याउलट कोकण रेल्वेचा चढ जास्तीत जास्त १५० ला १ ठेवला आहे. डोंगर आणि खाड्या ओलांडतानाही ही मर्यादा पाळायची, म्हणून करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरील ६४ मीटर उंचीचा पूल बांधावा लागला. स्थानकांच्या पाट्या वाचून यातले काहीही कळत नाही.

लेव्हल आणि स्टाफ

मी स्थापत्य अभियंता आहे आणि सर्वेक्षणाची कामे बरीच केली आहेत, त्यामुळे पाटीवरचा आकडा कुठून येतो ते सांगतो.

लोहमार्ग आखताना सर्वांत आधी त्याचा उभा छेद काढतात. त्यात प्रत्येक ठरावीक अंतरावर जमिनीची उंची किती आणि रुळांची उंची किती असणार, हे एकाच शून्यापासून मोजून लिहिलेले असते. भराव किती घालायचा, डोंगर किती कापायचा, पुलाचा गर्डर पुराच्या उच्चतम पातळीच्या किती वर ठेवायचा, हे सगळे त्या आकड्यांवर ठरते. ठाण्याकडून आलेला मार्ग आणि भुसावळकडून आलेला मार्ग एकमेकांना मिळायचे असतील, तर दोघांचे शून्य एकच असणे अपरिहार्य आहे. समुद्रसपाटी हे ते सामाईक शून्य आहे. स्थानकाच्या पाटीवर येते ती याच सर्वेक्षणातील नोंद. आजच्या प्रवाशाला तिचा थेट उपयोग नाही, हे खरे. पण आसपास गटार, रस्ता किंवा पूल बांधणाऱ्या माणसासाठी जवळपास भरवशाची उंची लिहिलेली असणे ही मोठी सोय होती, आणि माझ्या मते ही प्रथा टिकून राहिली हे चांगलेच झाले.

स्थानकाच्या बाबतीत उंचीला आणखी एक महत्त्व आहे. स्थानकाचे आवार जवळजवळ सपाट असावे लागते, कारण सुटे उभे केलेले डबे अगदी थोड्या उतारावरही आपोआप चालू लागतात. त्यामुळे आवारातील उतार १२०० ला १ इतका सौम्य असावा अशी शिफारस आहे, आणि सर्वसाधारणपणे ४०० ला १ पेक्षा तीव्र उतार तिथे चालत नाही. एक किलोमीटर लांबीच्या आवारात १२०० ला १ म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम ८३ सेंटीमीटरचा फरक. एवढा काटेकोरपणा सांभाळायचा तर उंची सेंटीमीटरमध्येच मोजायला हवी.

आता नागपूरची गोष्ट. उंची आत नेण्याच्या पद्धतीला आम्ही ‘लेव्हलिंग’ म्हणतो. उंची माहीत असलेल्या दगडावर एक मोजपट्टी, म्हणजे ‘स्टाफ’, उभी धरायची. पुढे काही अंतरावर दुसरा स्टाफ धरायचा आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये तिपाईवर लेव्हल यंत्र लावायचे. यंत्राची दुर्बीण अगदी आडवी असते. तिच्यातून मागच्या स्टाफवरील आकडा वाचायचा, मग पुढच्या स्टाफवरचा, आणि दोन्हींची वजाबाकी केली की पुढच्या जागेची उंची मिळते. मग यंत्र पुढे न्यायचे आणि मागचा स्टाफ उचलून आणखी पुढे धरायचा. यंत्र बरोबर मध्येच ठेवण्याचे कारण असे की, पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारी आणि यंत्रातील किंचित कलामुळे येणारी चूक दोन्ही बाजूंना सारखीच पडते आणि वजाबाकीत निघून जाते. समुद्रकिनाऱ्यापासून नागपूरपर्यंत ही कृती हजारो वेळा करावी लागते आणि ताळा म्हणून तोच मार्ग उलट दिशेनेही मोजतात. वाटेत देवळांच्या पायऱ्या, पुलांचे कठडे, सरकारी इमारतींची जोती अशा न हलणाऱ्या जागांवर खुणा कोरतात. त्यांना ‘बेंचमार्क’ म्हणतात. नागपूरच्या झिरो माइलजवळ असा एक प्रमाण बेंचमार्क १९०७ पासून आहे. तिथल्या षट्कोनी दगडाच्या माथ्याची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३१०.९५ मीटर, अशी नोंदलेली आहे. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंतचा हा आकडा कागदावर आला तो लेव्हल, स्टाफ आणि उन्हातान्हात चालणाऱ्या माणसांच्या जोरावर.

नाशिककर

दोघांचेही मनापासून आभार. लेव्हलिंगची रीत इतकी सोपी आणि इतकी चिकाटीची असेल, याची कल्पना नव्हती. मात्र समुद्राचा प्रश्न अजून शिल्लक आहे. पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत ‘आज दुपारी साडेचार मीटरची भरती’ असे येते. मग समुद्रसपाटीपासून चार मीटर उंचीवर राहणाऱ्याच्या घरात त्या दिवशी पाणी शिरायला हवे, पण तसे होत नाही. असे का?

भरतीओहोटी

कारण ते साडेचार मीटर समुद्रसपाटीपासून मोजलेले नसतात. इथे दोन वेगवेगळी शून्ये आहेत आणि बातम्यांत हा भेद क्वचितच सांगितला जातो.

समुद्रसपाटी म्हणजे समुद्राची सरासरी पातळी. बंदरात भरतीमापक यंत्र बसवतात आणि पाण्याची पातळी अखंड नोंदवतात. मुंबईत अपोलो बंदर येथील अशा नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. एका दिवसाची किंवा एका वर्षाची सरासरी पुरत नाही, कारण चंद्राच्या कक्षेचा कल सुमारे १८.६ वर्षांच्या आवर्तनात बदलतो आणि त्यानुसार भरती-ओहोटीची व्याप्तीही कमीअधिक होते. म्हणून साधारण १९ वर्षांच्या नोंदींची सरासरी घेण्याची पद्धत आहे. भरती, ओहोटी, लाटा, ऋतूंचे वारे हे सगळे त्या सरासरीत विरून जाते आणि जी पातळी उरते ती ‘सपाटी’.

भारतात उंचीचे शून्य ठरवताना केवळ मुंबईचा समुद्र धरलेला नाही. १९०९ साली निश्चित झालेल्या जाळ्यात कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, चेन्नई, विशाखापट्टणम आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील फॉल्स पॉइंट अशा नऊ ठिकाणची सरासरी पातळी शून्य मानून सारे आकडे जुळवले गेले. पाण्याची क्षारता, तापमान आणि प्रवाह यांमुळे या ठिकाणची सरासरी पातळी प्रत्यक्षात तंतोतंत एक नसते. परंतु कुठेतरी शून्य मानल्याशिवाय देशाचा उंचीनकाशा तयार होऊ शकला नसता.

भरतीचे आकडे मात्र सागरी नकाशाच्या शून्यापासून मोजतात. जहाज तळाला लागू नये म्हणून नकाशात लिहिलेली खोली ही जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या वेळची असते. मुंबईत समुद्राची सरासरी पातळी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. त्यामुळे साडेचार मीटरची भरती म्हणजे समुद्रसपाटीपेक्षा साधारण दोन मीटर वर आलेले पाणी. मुंबईतील भराव घालून तयार केलेले काही सखल भाग या पातळीच्या आसपास किंवा तिच्याही खाली आहेत. भरतीच्या वेळी तिथल्या नाल्यांचे पाणी समुद्रात आपसूक जाऊ शकत नाही आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस आला की पाणी तुंबते. हाजी अली, इर्ला येथील उदंचन केंद्रे बांधली ती हे पाणी पंपाने बाहेर टाकण्यासाठी.

मुंबईपुरते तिसरे शून्यही आहे. महापालिकेच्या जुन्या नकाशांत उंची ‘टाउन हॉल डेटम’ने लिहिलेली असते. हा टाउन हॉल म्हणजे फोर्टमधील एशियाटिक सोसायटीची इमारत. त्यामुळे मुंबईत कोणीही उंचीचा आकडा सांगितला, की तो कोणत्या शून्यापासून आहे हे आधी विचारून घ्यावे. गल्लत झाली तर इमारतीचे जोते चुकीच्या उंचीवर येऊ शकते.

पदपथ

चर्चा वाचून एक विचारावेसे वाटते. दादर चौपाटीवर उभे राहून मोबाइलवरील एका ॲपमध्ये उंची पाहिली, तर ती उणे पन्नासच्याही खाली दिसली. ॲप बिघडले आहे का?

लेव्हल आणि स्टाफ

ॲप बिघडलेले नाही, त्याचे शून्य वेगळे आहे. उपग्रहांवरून मिळणारी उंची ही पृथ्वीच्या गणिती आकारापासून, म्हणजे एका गुळगुळीत लंबगोलापासून मोजलेली असते. समुद्राचे पाणी मात्र गुरुत्वाकर्षणानुसार स्थिरावते, आणि पृथ्वीच्या पोटातील वस्तुमान सगळीकडे सारखे नसल्यामुळे ती पातळी लंबगोलाच्या कुठे वर तर कुठे खाली असते. या पातळीला ‘जिऑइड’ म्हणतात. जगातील तिचा सर्वांत खोल भाग श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे आणि तिथे ती लंबगोलाच्या शंभर मीटरांहून अधिक खाली जाते. आपला देश त्या खळग्याच्या काठावर असल्याने महाराष्ट्रातही हा फरक साठ मीटरांच्या आसपास राहतो. काही ॲप हा फरक आपोआप दुरुस्त करून उंची दाखवतात, काही दाखवत नाहीत. तुमचे दुसऱ्या प्रकारचे आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाने आता देशभर अखंड चालणारी उपग्रह संदर्भ केंद्रे उभारली आहेत आणि त्यांच्या मदतीने काही क्षणांत सेंटीमीटरच्या अचूकतेने स्थान मिळते. तरीही उंचीच्या बाबतीत जिऑइडचे गणित मध्ये येतेच आणि त्यात काही सेंटीमीटरांची चूक राहू शकते. रस्त्याच्या कामात ती खपून जाते. कालव्यात खपत नाही, कारण ५००० ला १ अशा उतारात पाणी एका किलोमीटरला केवळ २० सेंटीमीटर खाली उतरते आणि त्यात दहा सेंटीमीटर चुकले तर उतार निम्म्यावर येतो. म्हणून अशा कामांवर आजही तिपाई, लेव्हल आणि स्टाफ घेऊनच जावे लागते.