बूट वरून नवे दिसायलेत पण नडगी दुखायली, बदलू का?

पळताभुई_परभणी:
भावांनो, पोलीस भरतीची तयारी करायलो. रोज पहाटे सहा किलोमीटर पळतो, आठवड्यातून पाच दिवस. बूट दिवाळीत घेतलेले, आता जून लागला म्हणजे आठ महिने होत आले. वरून एकदम चकाचक, कुठं फाटलं नाही, धुतले की नव्यासारखे. पण पंधरा दिवस झाले नडग्या दुखायल्यात, पळणंबी काही वाढवलं नाही. मम्मी म्हणती चांगले बूट काहून टाकतो. घ्यायचेच तर कितीचे घ्यावे, बाजारात सहाशेचे पण हायेत अन् सहा हजाराचे पण. ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीला, सोळाशे मीटरच तर पळायचंय.

औसा_रोड_लातूर:
हिशेब कर की. आठवड्याला ३० किलोमीटर, आठ महिन्याचे ३४ आठवडे धर, हजाराच्या वर गेलास तू! पळायच्या बुटाचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात, गडी वजनदार असला तर अजून कमी. आणि सोळाशे फक्त ग्राउंडच्या दिवशी रे, बूट झिजला तो रोजच्या सहा किलोमीटरनं. वरची जाळी बघून काही कळत नाही, मरतो तो मधला फोम. बहुतेक बुटात तो ईव्हीए नावाच्या रबरासारख्या मऊ प्लास्टिकचा असतो, आत बारीक बारीक हवेचे बुडबुडे, ते दबून दबून बसले की दणका डायरेक्ट पायाला. दुकानात जा, तुझ्याच नंबरचा नवा बूट एका पायात अन् जुना दुसऱ्या पायात घालून दोन उड्या मार, लगेच कळतं. दुकानदार जरा वाकडं बघतो, बघू दे.

धावती_अंबाजोगाई:
दादा, नंबर आधी नीट बघा. मी सेल बघून ऑनलाइन मागवले, रोजच्या चपलेचा नंबर टाकला, महिनाभरात अंगठ्याचं नख काळं पडून निघालं. संध्याकाळी जा दुकानात, दिवसभरानं पाय थोडे सुजलेले असतात, पळताना पण सुजतात. पळायचे मोजे घालूनच ट्राय करा आणि उभं राहून बघा, बोटांपुढं हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे, टाच मात्र हलायला नको. आणि नडगीत एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर बुटाचं नंतर, आधी पळणं बंद करून हाडाच्या डॉक्टरला दाखवा.

मुरूमवाला:
मी सहाशेच्याच बुटात पळलो अन् भरती पण झालो. भारी बूट घेऊन कुणी ऑलिम्पिकला पळालेला अविनाश साबळे होत नसतो 😄 फक्त सिमेंट रोडवर पळू नको, कच्च्या मुरुमाच्या रस्त्यानं पळ. सराटे तेवढे सांभाळ, सोलमधे घुसले की आतून टोचतात.

औसा_रोड_लातूर:
मुरुमाचं खरंय, पण सहाशेवाल्यात फोम नावालाच असतो अन् सोल नुसता चिकटवलेला. माझा पहिला जोड मी एप्रिलमधे धुऊन पत्र्यावर वाळत घातला, लातूरचं ऊन, संध्याकाळी बघतो तर पुढून तोंड उघडलेलं. मोच्याकडून शिवून आणला पण मग तिथंच टोचायला लागला. बूट कधीच उन्हात ठेवायचे नाहीत, गाडीच्या डिक्कीत पण नाही. ओले झाले तर आत पेपर कोंबून सावलीत. माझ्या मते दोन-अडीच हजाराचा साधा पळायचाच बूट घे, महागड्या शर्यतीच्या बुटात सोलमधे कडक कार्बन प्लेट असते, ती वगैरे आपल्या कामाची नाही. अन् ग्राउंडच्या तोंडावर नवा काढू नको, आधी दोन-तीन आठवडे पळून सवय कर.

पळताभुई_परभणी:
जाऊन आलो. एका पायात जुना अन् एका पायात नवा घालून उड्या मारल्या, जुन्या पायाला फरशीच लागायली राव. एक नंबर मोठा घेतला, २४०० ला. नडगीत एका जागी कळ नाही, तरी आठ दिवस पळणं बंद ठेवलंय. मम्मीला किलोमीटरचा हिशेब सांगितला तर म्हणली एवढं पळून भरती कधी होणार. जुना जोड दादानं रानात पाणी द्यायला नेला.