वाफेच्या छोट्या इंजिनासाठी बॉयलर: नळ्यांचा हिशोब तपासून हवा (सांगली)

मंडळी, इंजिन डबल ॲक्टिंग (पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी वाफ), बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 25 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 25 मिमी, 300 आरपीएम (मिनिटाला फेरे), गेजवर दाब 3 बार. कट-ऑफ (धाव पूर्ण होण्याआधीच वाफ बंद करणे) न धरता मिनिटाला साधारण 7.4 लिटर, म्हणजे 16 ग्रॅम वाफ लागते. लहान सिलिंडर थंड पडून बरीच वाफ आतच पाणी होते, म्हणून दीडपट धरून 24 ग्रॅम. त्यासाठी अंदाजे 1 किलोवॅट उष्णता पाण्यात गेली पाहिजे. निम्मी धुराड्यातून जाईल असे समजून एलपीजी बर्नर 2 किलोवॅटचा.

बॉयलर उभा, तांब्याचा: आतला व्यास 100 मिमी, जाडी 2 मिमी, उंची 200 मिमी. आत बर्नरचा गरम धूर वर नेणाऱ्या 12 मिमीच्या (आतून 10) 19 नळ्या, षटकोनी मांडणीत, 18 मिमी अंतरावर. पाणी दोन तृतीयांश उंचीपर्यंतच, त्यामुळे नळ्यांचा वरचा भाग हिशोबात नाही. तळ धरून तापणारा पृष्ठभाग सुमारे 850 चौ. सेंमी. पाणी जेमतेम पाऊण लिटर, म्हणजे बॉयलरला पाणी देणारा पंप बंद पडला तर पंधरा मिनिटांत ते निम्म्यावर येणार. हीच खरी काळजी.

विचारायचे असे:
वाफ दीडपट धरली ती पुरेल का, की दुप्पट धरावे?
दोन नळ्यांमध्ये 6 मिमीच पत्रा उरतो. सिल्व्हर ब्रेझिंग (चांदीमिश्रित धातू वितळवून जोडणे) करताना शेजारचा सांधा पुन्हा वितळत नाही ना? सगळे एकाच तापवणीत करावे का? साधे सोल्डर नकोच, 3 बारला वाफ 143 अंशांवर असते, तेवढ्यात ते कमकुवत पडेल.
कुपवाड किंवा मिरजेत पाणी भरून 6 बार दाबाची चाचणी कोण करून देतो?