मदत हवी आहे: केबल मॉडेमचा ऑनलाइन दिवा टिकत नाही (नेरुळ)

भूमिती_नेरुळ:

नमस्कार मंडळी,

नेरुळला सिडकोच्या एका जुन्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो. गल्लीत अजून फायबर आलेलं नाही, म्हणून टीव्हीच्या केबलवाल्याकडूनच इंटरनेट घेतलं. त्याचा माणूस मॉडेम लावून, लॅपटॉपवर एक पान उघडून दाखवून गेला. तेव्हापासून नेट येतं आणि जातं. मी दहावीच्या मुलांना संध्याकाळी ऑनलाइन गणित शिकवते. प्रमेय अर्ध्यावर असताना नेट गेलं की सगळी साखळी पुन्हा पहिल्यापासून जोडावी लागते. त्यात काही मुलं आईबाबांच्या मोबाइलवर ठरलेल्या वेळेपुरतीच बसू शकतात. त्यांचा तास बुडतो याचं फार वाईट वाटतं.

जोडणी अशी आहे: गच्चीवरून काळी कोॲक्स वायर खिडकीतून हॉलमध्ये येते. तिथल्या स्प्लिटरमधून (एका वायरीच्या अनेक वायरी करणारा जोड) दोन वायरी दोन सेट-टॉप बॉक्सना (हॉल आणि सासूबाईंची खोली) जातात, तिसरी मॉडेमला. पॉवर आणि डीएस (डाउनस्ट्रीम, म्हणजे आपल्याकडे येणारा सिग्नल) हे दिवे स्थिर असतात. यूएस (अपस्ट्रीम, म्हणजे आपल्याकडून जाणारा सिग्नल) मध्येच लुकलुकायला लागतो, मग ऑनलाइन विझतो, आणि काही मिनिटांनी आपोआप परत लागतो. वाय-फायचा प्रश्न नाही, कारण लॅन वायर थेट लॅपटॉपला लावली तरी हेच होतं.

१९२.१६८.१००.१ हे मॉडेमचं पान उघडून आकडे पाहिले. डाउनस्ट्रीम पॉवर उणे ११ डीबीएमव्ही (सिग्नलच्या ताकदीचं माप), एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) ३१ डीबी, अपस्ट्रीम पॉवर ५२ डीबीएमव्ही. लॉगमध्ये ‘टी३ टाइमआउट’च्या ओळीच ओळी आहेत.

केबलवाले काका म्हणतात, “टीव्ही स्वच्छ दिसतोय ना मॅडम? मग लाइन ओके आहे. संध्याकाळी लोड असतो.” हे बरोबर आहे का?

आणखी एक. मी स्वतःचा राउटर आणला आहे. मॉडेमला लॅपटॉप लावला की नेट मिळतं, त्याच वायरीवर राउटर लावला की मिळत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

तारांगण:

ताई, आकडे दिलेत हे फार बरं केलंत, त्यावरूनच बरंच कळतं.

टीव्ही स्वच्छ दिसतो म्हणून लाइन चांगली, असं नसतं. टीव्हीला सिग्नल फक्त घ्यायचा असतो. मॉडेमला त्याच वायरीवरून उलट पाठवायचाही असतो, आणि तो खालच्या फ्रिक्वेन्सीवर जातो. तुमची परतीची वाट खराब आहे. टी३ म्हणजे मॉडेमने हाक मारली आणि पलीकडून वेळेत ओ आली नाही. ऐकू जात नाही म्हणून तो आवाज चढवत नेतो, म्हणून अपस्ट्रीम ५२. हा आकडा पंचेचाळिशीच्या आसपास असावा, पन्नाशी ओलांडली की मॉडेमकडे चढवायला फारसं काही उरत नाही. डाउनस्ट्रीम उणे ७ ते अधिक ७ मध्ये असेल तर निर्धास्त, आणि एसएनआर ३३ च्या वर हवा.

लोडमुळे नेट हळू होतं, कारण एकाच वायरीवर आसपासची अनेक घरं असतात. पण ऑनलाइन दिवा विझतो तो सहसा सिग्नलमुळे. हे काकांना नीट सांगा.

आता स्प्लिटर उलटून त्यावरचं छापील वाचा. तीन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये बहुधा एका तोंडावर सुमारे ३.५ डीबी घट असते आणि उरलेल्या दोन तोंडांवर ७. मॉडेम ७ च्या तोंडावर असणार असं वाटतं. ‘५ ते १००० मेगाहर्ट्झ’ लिहिलेलं नसेल तर तो बदलाच. फक्त टीव्हीसाठीचे जुने स्प्लिटर परतीचा सिग्नल अडवू शकतात. मध्ये कुठे टीव्हीचा बूस्टर असेल तर तोही काढा.

खात्री करायची असेल तर गच्चीवरून आलेली वायर स्प्लिटर वगळून थेट मॉडेमला लावा आणि आकडे परत बघा. सुधारले तर दोष घरातला. तसेच राहिले तर गच्चीवरचा जोड बघायला सांगा. आपल्याकडच्या पावसात तिथे पाणी शिरतं आणि आतली तांब्याची तार हिरवी पडते.

घोडबंदर_रोड:

राउटरचं मी सांगतो, आमच्याकडे ठाण्यात हेच झालं होतं. बरेच मॉडेम चालू झाल्यावर पहिल्यांदा जे उपकरण दिसेल त्याचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) धरून बसतात. तुमच्याकडे तो लॅपटॉपचा आहे. मॉडेमचा प्लग काढून एखादं मिनिट थांबा, लॅपटॉप बाजूला करा, राउटरच्या वॅन पोर्टला (इंटरनेट आत घेणारं तोंड) वायर लावा आणि मग मॉडेम चालू करा. तरी नाही झालं तर केबलवाल्याच्या सिस्टिममध्ये लॅपटॉपचा मॅक नोंदवलेला असेल. राउटरचा मॅक त्यांना कळवा, किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये ‘मॅक क्लोन’ वापरा, म्हणजे राउटर लॅपटॉपचाच मॅक दाखवेल.

भूमिती_नेरुळ:

दोघांचे मनापासून आभार. थेट वायर लावल्यावर अपस्ट्रीम लगेच खाली आला. तेच पान काकांना दाखवलं आणि मग त्यांनी वाद घातला नाही. आत येतानाच दोन तोंडांचा नवा स्प्लिटर बसवला. एक तोंड सरळ मॉडेमला, दुसऱ्यावर वेगळा स्प्लिटर लावून दोन्ही टीव्ही. गच्चीवरचा कनेक्टर खरंच हिरवा पडला होता, तो कापून नवा लावला. आता डाउनस्ट्रीम उणे ५, अपस्ट्रीम ४५, आणि कालचा तास अखंड झाला! राउटरही मॉडेम बंद-चालू केल्यावर लागला.

एकच विचारायचं राहिलं. महावितरणची वीज गेली की घरात इन्व्हर्टर असून, मॉडेमचा पॉवर दिवा चालू असूनही डीएस विझतो. असं का?

तारांगण:

गल्लीतल्या ॲम्प्लिफायरची (केबलचा सिग्नल वाढवणारी पेटी) वीजही जवळच्याच कुठल्या तरी इमारतीतून घेतलेली असते. वीज गेली की तो बंद पडतो, मग तुमच्या इन्व्हर्टरचा उपयोग नाही. त्याला बॅटरी बॅकअप आहे का ते काकांना विचारा. इमारतीतल्या चार घरांनी मिळून मागितला तर लवकर बसवतील. तोवर तासापुरता मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.