कोळीगीताचा म्युझिक व्हिडिओ: सिद्धान्त आणि कॅमेरा यांची सांगड कशी घालावी?

प्रश्न: माध्यमशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी एका कोळीगीताचा व्हिडिओ आखत आहे. ओळीत होडी आली की पडद्यावर होडी दाखवायची, एवढेच मला सुचते. म्युझिक व्हिडिओंचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांचा सिद्धान्त इथे कसा वापरावा?

उत्तर १: गुडविन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या विचारानुसार दृश्य शब्दांचे चित्रण करते, त्यांचा अर्थ वाढवते किंवा त्यांच्याशी फारकत घेते. आपण पहिल्यावरच अडला आहात. होडीच्या ओळीला धक्क्यावर जाळे विणणारे हात अगदी जवळून दाखवले, तर वाट पाहणे न सांगता कळेल.

उत्तर २: नाच टिपताना चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांची १९७५ मधील ‘पुरुषी नजरे’ची (कॅमेरा स्त्रीला पुरुषाच्या नजरेने, पाहण्याची वस्तू म्हणून दाखवतो, ही) मांडणीही ध्यानात असू द्यावी, कॅमेरा कमरेवर रेंगाळला की नाचणारीचा चेहरा हरवतो.

उत्तर ३: संथ गतीत ओठ जुळवायचे असतील, तर सेकंदाला ५० फ्रेम घ्याव्यात, गाणे दुप्पट वेगाने वाजवून गायकाला त्याच वेगाने म्हणायला लावावे आणि संकलनात २५ फ्रेमवर आणावे, म्हणजे ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि पदर मात्र सावकाश उडतो. पहिला टेक हसण्यातच जातो, हे गृहीत धरावे.

प्रश्नकर्ती: जाळ्याचे दृश्य पहिल्या कडव्यालाच घेते. आभार.