उत्तर: मातीची वीट संपली का?

वीजकेंद्रांत कोळसा जळून उरलेल्या राखेच्या विटांनी मातीची वीट संपवली, असं म्हटलं जातं. शहरापुरतं ठीक. राखेचा रेटा तसा जुनाच. १९९९ च्या केंद्राच्या अधिसूचनेने औष्णिक वीजकेंद्रांच्या ५० किमी परिसरात विटांच्या मातीत किमान २५ टक्के राख सक्तीची केली होती. पण रायगड-ठाण्याकडे दिवाळीनंतर या, भट्ट्या लागलेल्या दिसतील. भाताचा तूस घालून रचलेली भट्टी दिवसेंदिवस धुमसते. पक्की वीट वाजवली की खणकन् बोलते, कच्ची नुसती थप्प करते. आणि थापणारे बहुतेक कातकरी आदिवासी, पावसाळ्यातच घेतलेल्या उचलीपायी, म्हणजे मजुरीच्या आगाऊ रकमेपायी, बिऱ्हाडासकट आलेले. विटेचा भाव काढताना ही उचल कुणी धरत नाही!